डाव्या डोळ्याची शिस्त

१७ नोव्हेंबर १९८६, सोमवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

वेळ नेमकी लिहून ठेवते. दवाखान्यातले घड्याळ माझ्या समोरच होते. या वेळी नागपूरच्या डॉ. उमाळकरांनी माझ्या डाव्या डोळ्याला कापसाचा पिळलेला धागा लावला, माझी पापणी हलली नाही, आणि त्यांनी कार्डावर लिहिले, "डावा डोळा: संवेदना नाही." खोलीत नर्स होती, दोन पेशंट होते, माझा धाकटा भाऊ गोपीचंद होता. सगळ्यांसमोर लिहिले.

पापणी हलली नाही, कारण मी ती हलवली नाही. कामठीच्या कॉन्व्हेंटात मदर बेनेडिक्टा आमच्या नाकासमोर पट्टी आपटत. जी डोळे मिटेल तिला प्रार्थनेनंतर अर्धा तास उभे राहावे लागे. मी एकदाही उभी राहिले नाही. अशा बाईच्या डोळ्याला कापूस लावून हा पस्तीस वर्षांचा मुलगा काय शोधत होता? लिहायचेच होते तर "शिस्त आहे" असे लिहायचे.

जूनमध्ये यानेच माझ्या डाव्या बुबुळावर आठ चिरे दिले, सायकलच्या चाकाला आरे असतात तसे. नवे ऑपरेशन आहे, चष्मा जातो. डाव्या डोळ्याचा गेला. साडेपाच नंबर होता, आता आमच्या कारधा गावच्या पुलावरून जाणाऱ्या एस.टी.ची पाटी मी घराच्या पायरीवरून वाचते. चिऱ्यांबरोबर बारीक नसाही कापल्या जातात, त्या परत जुळायला काही महिने लागतात, तोवर डोळ्यात काही गेले तरी कळत नाही, असे तो तेव्हाच म्हणाला होता. मी ऐकले होते. मला वाटले, इतर पेशंटबद्दल बोलतो आहे.

उजवा डोळा पुढच्या सोमवारी करायचा ठरला होता. आता म्हणतो, डाव्याची संवेदना आल्याशिवाय उजव्याला हात लावणार नाही. म्हणजे तोवर मी एका बाजूला बाटलीच्या बुडाएवढी काच आणि दुसऱ्या बाजूला साधी काच असला चष्मा घालून हिंडायचे. बत्तीस वर्षे शाळेतल्या मुली मला पाठीमागे दुर्बीणबाई म्हणत होत्या. निवृत्त झाले ते दोन्ही डोळ्यांनी निवृत्त व्हायचे म्हणून.

परतताना बसमध्ये गोपीचंद म्हणाला, "ताई, डॉक्टर खोटं कायले लिहीन?" शब्द त्याचे, शुद्धलेखन माझे. मी त्याच्याशी भंडाऱ्यापर्यंत बोलले नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

निश्चय:
पुढच्या तपासणीला, १५ डिसेंबरला, पापणी हलवायची. ताबडतोब आणि ठळक.
तोवर रोज सराव.
डॉक्टरला त्याचे वाक्य स्वतःच्या हाताने खोडायला लावायचे.

त्याने एक छापील कार्ड दिले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ बॅटरीच्या उजेडात आरशात डोळा बघायचा आणि तीन रकाने भरायचे: लाली, पाणी, दिसणे. "तुम्हाला दुखणार नाही, म्हणून तुम्हाला बघावे लागेल," असे तो म्हणाला. लहान मुलाला सांगतात त्या आवाजात.

आज भरले. ठीक, ठीक, ठीक.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

कांद्याचा प्रयोग. देवकाबाई, म्हणजे गोपीचंदची बायको, सहा कांदे चिरत बसली होती. मी विळीजवळ तोंड नेऊन बसले. उजव्या डोळ्यातून धार लागली. डाव्यातून काही नाही. देवकाबाई म्हणाली, "ताई, तुम्ही एकाच डोळ्यानं रडून राहिल्या." मग पदर तोंडाला लावून हसली. तिला वाटते मला दिसत नाही. डाव्या डोळ्याने मला आता सगळे दिसते.

निष्कर्ष: उजवा डोळा जुना, नंबरवाला, दुबळा. डावा सुधारलेला. सुधारलेला डोळा कांद्यापुढे कशाला रडेल? डॉक्टरला हे सुचले नाही, कारण त्याने कधी कांदा चिरला नसणार.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सराव सुरू. मी खुर्चीवर बसून छताकडे बघायचे. देवकाबाईने समईची वात पिळून तिचे टोक बाजूने आणायचे आणि बुबुळाला लावायचे. मी पापणी मिटायची.

पहिल्या दिवशी दहापैकी दहा.

इतका सोपा पेपर मी नववीच्या मुलींनाही काढला नाही. अंगणात बेबीबाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. ही आमच्या शेतावर पंचवीस वर्षे भाताच्या रोवणीला आणि मळणीच्या चुरण्याला येणारी बाई. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण प्रत्येक विषयावर मत आहे. ती म्हणाली, "देवकाबाई, हातातल्या बांगड्या कोपरावर सरकवून पाय बरं."

मी परवानगी नाकारली. परीक्षा चालू असताना शिपायाने मध्ये बोललेले मी कधी चालवून घेतले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

दहापैकी दहा. देवकाबाईचा हात अवघडतो, तिला मध्येच वात खाली ठेवून मान खाजवावी लागते. तेव्हाही मी पापणी मिटली. म्हणजे वात लागायच्या आधीच डोळ्याला कळते. इतकी संवेदना तर ऑपरेशनपूर्वीही नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार.

किळसवाणा प्रकार. लिहू की नको असे झाले, पण नोंद असावी.

शेजारच्या तुलारामच्या शेतावर चुरणा सुरू आहे, म्हणजे खळ्यावर बैल फिरवून धान मोकळे करणे. गावभर कोंडा उडतो. तुलारामच्या डोळ्यात धानाचे कुसळ गेले. पाणी मारले, निघेना. हा सरळ आमच्या अंगणात बेबीबाईकडे आला. तिने मिठाच्या पाण्याने चूळ भरली, त्याच्या दोन्ही पापण्या अंगठ्याने फाकवल्या आणि जिभेच्या टोकाने डोळ्यातले कुसळ उचलून घेतले. माझ्या देखत. तुलाराम, पन्नाशीचा माणूस, खांब धरून ओरडत होता, पाय आपटत होता. मग तिने कुसळ तळहातावर काढून त्याला दाखवले आणि तो दोन डोळ्यांनी हसत गेला.

डोळा आहे की लोणच्याची फोड.

मी तिला जंतूंबद्दल दहा मिनिटे समजावले. ती म्हणाली, "बडी मॅडम, जिभेले जे समजते ते बोटाले नाही समजत. बोट आंधळं असते." वर सांगते की हे तिला तिच्या सासूने शिकवले आणि सासूला तिच्या आईने. दोन घरांत मिळून एकही साबण नसेल.

५ डिसेंबर, शुक्रवार.

कार्ड दिवसातून दोनदा भरणे हा वेळेचा अपव्यय आहे. उत्तर रोज तेच. आज बसून कार्ड संपते तिथपर्यंतचे, म्हणजे ११ जानेवारीपर्यंतचे, सगळे रकाने भरून टाकले. अक्षर एकसारखे आले, कार्ड देखणे दिसते.

शाळेत मुली निसर्गनिरीक्षणाच्या वहीत महिनाभराचे हवामान आधीच लिहून आणत. मी त्या वह्या फेकून देत असे. ते वेगळे. हवामान बदलते.

८ डिसेंबर, सोमवार.

सराव बंद. दहापैकी दहाच्या वर गुण नसतात.

१५ डिसेंबर, सोमवार. दुपारी ४, परतीच्या बसमध्ये.

पास.

डॉक्टर चाकाच्या स्टुलावर बसतो. मी छताकडे बघत होते. तो पुढे झुकला की स्टूल करकरते. करकरले की मी पापणी मिटत होते. चारदा करकरले, चारदा मिटली. मान वर करून मला म्हणतो, "अरे वा." मग कार्डावर लिहिले, "संवेदना: कमी, पण आहे." आधीचे वाक्य खोडले नाही. खाली नवीन लिहिले. माझ्या शाळेत असे चालले नसते. पण तूर्त पुरे. उजव्या डोळ्याची तारीख दिली, १२ जानेवारी, सोमवार.

घरी गेल्यावर स्वतःशी स्पष्ट असावे म्हणून लिहिते. स्टूल करकरले हे खरे. मी ते ऐकले हेही खरे. पण कान आणि डोळा एकाच डोक्यात आहेत. शरीर एक आहे. डोळ्याला लागण्याच्या आधी कानाला कळले, तर ती डोळ्याची उणीव नव्हे, कानाची तत्परता आहे.

निघताना तो म्हणाला, "अजून पूर्ण नाही. चष्मा काढू नका. चुरण्याचे दिवस आहेत, खळ्यावर तर जाऊच नका. आणि रोज डोळा बघा." मग रोज भरायचे घरचे कार्ड मागू लागला. मी म्हणाले, घरी राहिले. पर्समध्ये होते.

१६ डिसेंबर, मंगळवार.

चष्म्याच्या डाव्या बाजूची साधी काच काढून टाकली. बऱ्या डोळ्यापुढे काच म्हणजे सुटलेल्या कैद्याला बेडी. उजवी जाड काच तेवढी ठेवली. गोपीचंदला दोन दिवस कळणार नाही, अशी माझी पैज.

१८ डिसेंबर, गुरुवार.

कळले. जेवताना मी भुवई खाजवली, तर बोट चौकटीतून आरपार गेले. गोपीचंदचा घास हातात राहिला. "ताई, काच कोठी गेली?" मी म्हणाले, तिची गरज संपली. तो देवकाबाईकडे बघतो, देवकाबाई ताटाकडे बघते. या घरात कोणी सुधारले की दुखवटा पाळतात.

२१ डिसेंबर, रविवार.

आमच्या धानाचा चुरणा. सकाळपासून खळ्यावर होते. डॉक्टर म्हणाला जाऊ नका, पण डॉक्टरला कोंडा म्हणजे काय ते नागपुरात बसून काय कळणार? मी इथे जन्मले आहे. शिवाय देखरेख कोणी करायची? मी नसते तेव्हा मजूर बिड्या ओढत पुंजण्याच्या, म्हणजे धानाच्या गंजीच्या, सावलीत बसतात, आणि गोपीचंद त्यांच्याबरोबर बसतो.

वारा चांगला होता. बेबीबाई आणि दोघीजणी उफणत होत्या. सगळे डोळे चोळत होते. मी नाही. दिवसभरात एकदाही माझ्या डाव्या डोळ्यात काही गेले नाही. अनुभवी माणसाच्या डोळ्यात जात नाही.

२२ डिसेंबर, सोमवार.

उत्तम बातमी. आरसा सहज हाती आला म्हणून पाहिले, तर डावा डोळा गुलाबी. जूनपासून तो पांढराफटक होता, चिनीमातीच्या बशीसारखा. लाली म्हणजे रक्त. रक्त पोचते आहे म्हणजे नसा पोचत आहेत. नसा पोचल्या म्हणजे संवेदना. डॉक्टरने सांगितले होते त्यापेक्षा लवकर.

कार्डावर आजच्या रकान्यात "लाली: ठीक" असे आधीच लिहिलेले आहे. शाईने आहे, खोडणार नाही. लाली आहे ती ठीक आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा.

२३ डिसेंबर, मंगळवार.

आता पाणीही येते. डावा डोळा गेल्या सहा महिन्यांत प्रथमच रडला, आणि कांदा नसताना. प्रगती रोज दिसते आहे.

बेबीबाई तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, भारा टाकायला आली. मला पाहून उंबऱ्यातच थांबली. "बडी मॅडम, तुमच्या डोळ्यात कुसळ हाय."

मी म्हणाले, माझ्या डोळ्यात असते तर मला कळले असते.

ती म्हणाली, "काळ्याच्या काठाले लागून हाय. इथून दिसून राहिलं. टोचत नाही का जी?"

मी म्हणाले, टोचत नाही, म्हणून नाही. इतके साधे तर्कशास्त्र. ती हलेना. "बसा, मी पायतो," म्हणून देवकाबाईकडे मीठ मागायला निघाली. तेव्हा मी तिला माझ्या जागेवरून, माझ्या शाळेच्या आवाजात, घरी जायला सांगितले. तो आवाज ऐकून सहावीच्या मुली भिंतीला चिकटत. ती गेली, पण भिंतीला चिकटली नाही.

२४ डिसेंबर, बुधवार.

धुके. वैनगंगेवरचे धुके दरवर्षी येते, पण यंदा फार. पायरीवरून पूल दिसेना. एस.टी.चा नुसता आवाज.

गोपीचंद म्हणाला, "ताई, धुकं कोठी हाय? मले त पार भंडाऱ्यापावत दिसून राहिलं." तो लहानपणापासून मला खोटे पाडायला काहीही बघतो.

२५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ९.

कॉन्व्हेंटात आज केक असे. मदर बेनेडिक्टा स्वतः कापत, तुकडे मोजून.

धुके घरातही शिरले आहे. देवघरापाशी जास्त. उजवा डोळा झाकला तर चुलीपाशी बसलेली देवकाबाई नुसती पांढरी आकृती. तिला विचारले, चुलीचा धूर फार झाला का? ती म्हणाली, "ताई, अजून चूल पेटवलीच नाही." हळू म्हणाली. हसली नाही.

दुपारी १२.

उजवा डोळा झाकून पाहिले. तेच. डावा झाकून पाहिले. धुके गेले.

दोनदा केले. प्रकाशाचा दोष असावा.

२६ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी १०.

देवकाबाईनेच बोलावली असणार. बेबीबाई अंगणात येऊन बसली, सूप नाही, काम नाही. मी बाहेर गेले. म्हणाली, "बडी मॅडम, मले शिव्या द्या, पण डोळा दाखवा. आता त पांढरं धरून राहिला तो."

मी विचार केला. ही बाई गावभर सांगणार की मॅडमच्या डोळ्यात कुसळ आहे आणि मॅडमला कळत नाही. अफवा मुळातच खोडायला हवी. म्हणून, केवळ प्रयोग म्हणून, मी तयार झाले. योजना साधी होती. तिने जीभ लावायची, मला ताबडतोब कळायचे, मी तुलारामपेक्षा निम्मे ओरडायचे, आणि तिला साऱ्या अंगणासमोर सांगायचे की बघ, कळते. तपासणीत स्टूल होते, सरावात बांगड्या वाजत होत्या, असे पुढे कोणी म्हणायला नको. जिभेला आवाज नसतो.

साबणाने तिला दोनदा तोंड धुवायला लावले. मग मिठाची चूळ. मी अंगणातल्या बाजेवर बसले, चष्मा देवकाबाईच्या हातात दिला, बाजेची कड दोन्ही हातांनी धरली. बेबीबाईने अंगठ्यांनी पापण्या फाकवल्या. तिच्या अंगाला तणसाचा वास होता. मी तयारीत होते. वाट पाहिली. आणखी वाट पाहिली. तिने उगाच माझा वेळ घालवलेला मला आवडत नाही, म्हणून मी म्हणाले, सुरू कर ना.

ती म्हणाली, "झालं की, बडी मॅडम."

तिच्या तळहातावर कुसळ होते. तांदळाच्या दाण्याएवढे, टोकाला पिवळे.

मी म्हणाले, पुन्हा कर.

तिने केले नाही. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तुलारामच्या वेळी ती हसत होती. आता पदराने जीभ पुसली आणि देवकाबाईला म्हणाली, माझ्याशी नाही, "सासू गेल्यापासून किती डोळे पायले मी. लहान पोरं मले लाथा मारतात, माणसं केस धरतात. माह्या जिभेले हिचा डोळा लागला, पण हिच्या डोळ्याले माही जीभ नाही लागली. हे माह्या हातचं काम नाही. आजच नागपूरले न्या." मी समोर बसलेली असताना "हिचा" म्हणाली.

मी तिला सुधारले नाही.

सकाळी ११ वाजून ५.

बस साडेअकराची आहे. गोपीचंद धोतर बदलतो आहे. पर्समध्ये कार्ड घेतले. परत काढून ठेवले. परत घेतले.

३० डिसेंबर, मंगळवार. दवाखाना, नागपूर.

डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. उजव्याने लिहिते आहे, वही नाकाला लावून. अक्षर वाकडे आले तर त्याला कारण आहे.

बुबुळावर जखम झाली. पाच दिवस कुसळ तिथे होते, पापणी मिटली की घासत होते. डॉक्टर म्हणाला, साध्या डोळ्याच्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत घर डोक्यावर घेतले असते. जिभेने काढले हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला, जंतूंबद्दल मला दहा मिनिटे समजावले. मला. मग म्हणाला, पण त्या बाईने पाहिले नसते आणि आणखी दोन दिवस गेले असते, तर मी आज वेगळे बोलत असतो. हे शेवटचे वाक्य त्याने नर्सला औषध सांगता सांगता म्हटले, त्यामुळे अधिकृत धरता येत नाही.

कार्ड मागितले. दिले. त्याने २६ डिसेंबरपर्यंत वाचले, मग पुढे २७, २८, २९. आज तीस तारीख आहे. त्याने ११ जानेवारीपर्यंत वाचले. "ठीक, ठीक, ठीक," असे मोठ्याने नाही, ओठांनी. मला वाटले, मी त्या वह्या फेकत असे तसे तो कार्ड फेकेल. फेकले नाही. घडी करून खिशात ठेवले. फेकले असते तर बरे झाले असते.

मग स्टुलावर बसला. स्टूल करकरले. मी पट्टीखाली पापणी मिटली. तो नुसता पेन उचलायला वाकला होता.

त्याने पाहिले. स्टुलाचे आणि बांगड्यांचे मीच सांगितले. दोन वाक्यांत.

१ जानेवारी १९८७, गुरुवार. दवाखाना.

गोपीचंद डबा घेऊन आला. म्हणतो, २६ तारखेला बसमध्ये मी साकोलीच्या एका अनोळखी बाईचा हात धरून बसले होते आणि तिला सांगत होते, मले दिसत नाही, मले दिसत नाही. मी म्हणाले, मी 'मले' म्हणणे शक्य नाही. तो म्हणाला, "बरं ताई." इतक्या लवकर तो आयुष्यात कधी कबूल झाला नव्हता.

बाकी, वांग्याच्या भाजीत मीठ जास्त होते.

६ जानेवारी, मंगळवार. कारधा.

घरी. पट्टी काढली. डावीकडे खाली, जखमेच्या जागी, मुगाच्या दाण्याएवढा पांढरा डाग राहिला. एस.टी. दिसते, पाटी नाही. डॉक्टर म्हणाला, डाग थोडा विरळ होईल. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन रद्द. पुढे ढकलले नाही, रद्द. मी विचारले, किती दिवसांसाठी? त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

डाव्या चौकटीत काच बसवून आणली. देवकाबाईने न सांगता पुसून ठेवली.

९ जानेवारी, शुक्रवार.

रोज सकाळी आठला बेबीबाई येते. मी बाजेवर बसते, ती बॅटरी धरून डावा डोळा बघते आणि देवकाबाई नव्या कार्डावर लिहिते. मला लिहू देत नाहीत. काल बेबीबाई म्हणाली, "आज चांगला हाय." मी म्हणाले, मला विचारून सांग. ती म्हणाली, "तुमाले विचारून काय समजणार, बडी मॅडम?" मोठ्या माणसाशी बोलायची रीत नाही. उद्या पुन्हा आठला यायला सांगितले आहे.

डॉक्टरला पत्र लिहायला बसले. १७ नोव्हेंबरपासून मनात तयार होते. पहिल्या मसुद्यात नऊ तक्रारी होत्या. सगळ्यांसमोर कापूस लावला. वाक्य खोडले नाही. स्टुलाला तेल नाही. कार्ड खिशात ठेवले, परत दिले नाही. आठवी ही की जूनमध्ये नीट सांगितले नाही. ती वाचून मीच कापली. नीट सांगितले होते. मग सातवी कापली, मग एकेक करत बाकीच्या. पाच पाने झाली होती. शेवटी उरले ते येथे उतरवून ठेवते, नक्कल जवळ असावी म्हणून.

डॉ. उमाळकर यांस,

सकाळी तोंड धुताना साबण डाव्या डोळ्यात जातो. कळत नाही. मी रोज मुद्दाम घालते, थोडासा. काल उजव्यात गेला आणि झोंबला, तर पाच मिनिटे बसून राहिले. चांगले वाटले.

आपण म्हणाला होतात, काहींना सहा महिने, काहींना वर्ष, काहींना त्याहून जास्त. मी त्यांतली कोणती, ते सांगितले नाही. माझा हा डोळा दुखायला कधी लागेल, एवढेच विचारणे आहे. अंदाज चालणार नाही. ३१ जानेवारी १९८७, शनिवार, सायंकाळी पाच वाजण्याच्या आत लेखी कळवावे.

चंद्रकांता सेलोकर
मुख्याध्यापिका (निवृत्त)